बिनपडद्याच्या पेटीची नाडी

शाळा-महाविद्यालयांच्या संगणककक्षात कधी कधी फळीवर एक लहानशी पेटी ठेवलेली दिसते. तिला ना पडदा, ना कळफलक. दोन-चार दिवे आणि पंख्याची घरघर, एवढेच. सर्वांच्या फायली सांभाळणारा हा सर्व्हर होय. पडदाच नाही, तर त्याची प्रकृती पाहायची कशी?

ती सोय पेटीतच असते. जाळ्यातील दुसऱ्या एखाद्या संगणकावर ब्राउझर उघडून पेटीचा पत्ता, समजा १९२.१६८.१.१०, लिहावा व परवलीचा शब्द द्यावा. पेटीतील एक प्रोग्रॅम तिची सारी हकिकत पानाच्या रूपाने पाठवितो. १९९८ साली अमेरिकेतील कोबाल्ट नेटवर्क्स या कंपनीने आणलेला ‘क्यूब’ हा निळा ठोकळ्यासारखा सर्व्हर असाच ब्राउझरमधून चालविता येई.

या पानावर तापमान, पंख्याचा वेग, शिल्लक जागा आणि मुख्य म्हणजे डिस्कची स्थिती दिसते. पुष्कळ डिस्क मिनिटाला ७२००, म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेतात. असे यंत्र कधी ना कधी बंद पडणारच. त्यावर तोड म्हणून १९८८ साली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅटर्सन, गिब्सन व कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र जोडण्याच्या पद्धतींची मांडणी केली व त्यांना ‘रेड’ हे नाव दिले.

त्यांपैकी एका पद्धतीचे तत्त्व सोपे आहे. तीन डिस्क घ्या. दोहोंवर माहितीचे अंक, ० किंवा १. तिसरीवर पडताळ्याचा अंक. नियम एकच : तिन्ही मिळून १ची संख्या सम हवी. पहिल्या दोहोंवर १ व ० असतील, तर तिसरीवर १. १ व १ असतील, तर ०. आता कोणताही एक अंक झाका. उरलेल्या दोहोंवरून तो ओळखता येतो. म्हणूनच एक डिस्क बंद पडली तरी फायली उघडत राहतात.

खरा धोका आहे तो इथेच! आमच्या महाविद्यालयातील अशी एक पेटी माझ्याकडे होती. फायली उघडत होत्या, म्हणून मी कित्येक महिने ते पान पाहिलेच नाही. तेवढ्यात एक डिस्क कधीच गेली होती. पुढे दुसरीही गेली आणि विद्यार्थ्यांनी तीन वर्षे रोज घेतलेल्या पावसाच्या नोंदी नष्ट झाल्या. एका समीकरणातून दोन अज्ञात संख्या निघत नाहीत, हे मी वर्गात दरवर्षी शिकवीत होतो!

तेव्हा आठवड्यातून एकदा तरी हे पान उघडावे. डिस्क आपल्यावरील खराब जागा टाळून राखीव जागा वापरते व त्यांची मोजदाद ठेवते. हा आकडा वाढू लागला, तर नवी डिस्क आणून ठेवावी. ‘डिग्रेडेड’ असा शब्द दिसला, तर एक डिस्क गेली असे समजून ती लगेच बदलावी. नवीवर सारे अंक पुन्हा मांडायला कित्येक तास लागतात व तोवर संरक्षण नसते. बिघाड होताच ई-मेल यावा, अशी व्यवस्था त्याच पानावर बहुधा करता येते. तापमान वाढत असेल, तर आधी झरोक्यांतील धूळ काढावी. कंपनीने दिलेला परवलीचा शब्द पहिल्याच दिवशी बदलावा आणि हे पान बाहेरच्या इंटरनेटवर उघडे ठेवू नये.

एवढे करूनही महत्त्वाच्या फायलींची वेगळी प्रत दुसरीकडे हवीच. कारण चुकून पुसलेली फाइल या पद्धतीत सर्व डिस्कवरून एकदमच पुसली जाते.

आता वहीत करून पाहा. तीन डिस्कवर १, १, ० आहेत. चौथीवर पडताळ्याचा अंक कोणता? मग दुसरा अंक झाकून तो शोधा. शेवटी कोणतेही दोन झाका आणि किती उत्तरे संभवतात ते मोजा.