मासे का टिकत नाहीत? फिश टँकविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

हौसेनं फिश टँक आणला, पोरांनी पसंत केलेले मासे सोडले आणि आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा मरू लागला, की "आमच्या घरात मासे टिकतच नाहीत" असं म्हणून टाकी माळ्यावर जाते. खरं तर अशा वेळी बहुधा पाणी बिघडलेलं असतं. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याजवळ पंचगंगेतले मासे तडफडून मेल्याच्या बातम्या कोल्हापूरकर वाचत आले आहेत. सडणाऱ्या घाणीनं पाण्यातला ऑक्सिजन संपला, की नदीतले मासेही तग धरत नाहीत. काचेच्या टाकीत तर हे फार लवकर घडतं. म्हणून मासे पाळण्याआधी पाणी सांभाळायला शिकायला हवं.

गैरसमज : नळाचं स्वच्छ पाणी भरलं, की लगेच मासे सोडता येतात.
वस्तुस्थिती : नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेलं असतं आणि ते माशांच्या कल्ल्यांना इजा करतं. पाणी उघड्या बादलीत 24 तास ठेवावं किंवा दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे थेंब घालावेत. एवढ्यानंही टाकी तयार होत नाही. विष्ठा आणि उरलेलं खाद्य यांतून विषारी अमोनिया तयार होतो. काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जीवाणू त्याचं बऱ्याच अंशी निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू रुजायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. तोवर मासे न सोडता फिल्टर चालू ठेवावा आणि रोज चिमूटभर खाद्य टाकावं. टेस्ट किटमध्ये आधी अमोनिया वाढलेला दिसेल. पुढे अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, की निम्मं पाणी बदलून दोन-तीन मासे सोडावेत.

गैरसमज : नवशिक्याला छोटं गोल भांडं बरं.
वस्तुस्थिती : पाणी जितकं कमी, तितकं ते लवकर बिघडतं. 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावतं. सुरुवातीला एवढी टाकी हवी. पाण्याचंच वजन 50 किलोच्या वर जातं, म्हणून स्टँड भक्कम घ्यावा. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. त्याला भांड्यात कोंडू नये. गप्पी, मॉली, प्लॅटी यांपासून सुरुवात करावी. या माशांना 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवतं. कोल्हापुरात थंडीच्या रात्री पाणी त्याहून गार होतं, तेव्हा 50 वॅटचा हीटर लावावा.

गैरसमज : बुडबुडे येत आहेत, म्हणजे पाणी साफ होतंय.
वस्तुस्थिती : नुसता एअर पंप पाणी हलवून ऑक्सिजन मिसळायला मदत करतो. घाण अडवण्याचं आणि जीवाणूंना आसरा देण्याचं काम फिल्टरचं. तो 24 तास चालू हवा. रात्री बंद करू नये.

गैरसमज : महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून धुवावी.
वस्तुस्थिती : त्यानं उपयोगी जीवाणूही जातात आणि टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावं. नळी खड्यांमध्ये खुपसून तळाची घाण बाहेर ओढावी. फिल्टरचा तपकिरी झालेला स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलके पिळावा. कधी बदलायला नळाला पाणीच नसतं; 2019 आणि 2021 च्या महापुरात उपसा केंद्रं बुडाली आणि कोल्हापूर शहराचा पाणीपुरवठा बंद पडला होता. अशा दिवसांत खाद्य निम्म्यावर आणावं, म्हणजे पाणी उशिरा बिघडतं.

गैरसमज : मासा वर येऊन तोंड उघडतोय, म्हणजे भुकेला आहे.
वस्तुस्थिती : माणूस जवळ आल्यावर धावत आला तर भूक असेल. पण सगळेच मासे पृष्ठभागाशी एका जागी थांबून धापा टाकत असतील, तर ऑक्सिजन कमी पडतोय किंवा अमोनिया वाढलाय. अशा वेळी खाद्य देऊ नये, लगेच थोडं पाणी बदलावं. एरवी दिवसातून एक-दोन वेळा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य पुरतं.

गैरसमज : सकर मासा टाकी साफ ठेवतो.
वस्तुस्थिती : तो काचेवरचं शेवाळ खातो, पण विष्ठाही भरपूर टाकतो आणि फूटभराच्या वर वाढतो. मग टाकी पुरेना म्हणून त्याला जवळच्या पाण्यात सोडून दिलं जातं. उजनी धरणात हा परदेशी मासा पसरल्यानं मच्छीमार हैराण झाले आहेत; त्याच्या काटेरी अंगानं जाळी फाटतात.

नकोसा झालेला कोणताही मासा रंकाळ्यात, कळंब्यात किंवा पंचगंगेत सोडू नका. दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे सोपवा. घरचा मासा जगवणं ही जशी आपली जबाबदारी, तशी आपल्या तळ्यातले मूळचे मासे जपणंही आपलीच.