पाटलाचं मानधन वाढलं. पाटील टिकेल का?

विहिरीवरची मोटार रात्रीतून गेली, गोठ्यातली जनावरं सोडून नेली, किंवा बांधाच्या वादात सख्खे भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे राहिले, तर शेतकरी बंधूंनो, तुम्ही आधी कुणाकडे जाता? पोलीस ठाणं वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथे गेलात तर निम्मे शिपाई बंदोबस्तात, निम्मे कोर्टात. म्हणून पाय आपोआप पोलीस पाटलाच्या दाराकडे वळतात. या माणसाला सरकार काय देतं आणि तेवढ्यावर तो या कामात किती दिवस राहील, याचा विचार मात्र आपण फारसा करत नाही.

पूर्वी पाटीलकी घराण्यात चालायची. इनामाची जमीन असायची, मान असायचा. त्यामुळे माणूस टिकवायचा प्रश्नच नव्हता, पाटलाचा मुलगा पाटील व्हायचा. तो चांगला असो की वाईट, गावाला पर्याय नव्हता. १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचा पोलीस पाटील उभा केला. आता प्रांत परीक्षा घेऊन नेमणूक करतात. लेखी ८० गुणांची, तोंडी २० गुणांची. कुणाही घरातला, कुणाही जातीतला मुलगा किंवा मुलगी या जागेवर येऊ शकते, हे चांगलंच झालं. पण वतन गेलं आणि त्या जागी आलं ते मानधन. पगार नव्हे बरं का, मानधन!

ते किती होतं ते पाहा. २०१९ पूर्वी महिना ३,००० रुपये. म्हणजे दिवसाला शंभर. २०१९ साली ते ६,५०० झालं, म्हणजे दिवसाला साधारण २१६ रुपये. त्याच हिशेबाने पुढे चला. २०२३-२४ साली आपल्या राज्यात रोजगार हमीच्या कामावर मजुराला दिवसाला २७३ रुपये मिळत होते. पाटी उचलणाऱ्याला जास्त आणि रात्री दोन वाजता प्रेताजवळ पहारा करणाऱ्याला कमी, असा तो हिशेब होता. मजुराला जास्त का, असं मला म्हणायचं नाही, त्याचं काम घामाचंच आहे. पण मजूर संध्याकाळी घरी जातो, पाटलाला संध्याकाळच नसते.

मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने हे मानधन १५,००० रुपये केलं. राज्यात पोलीस पाटलांची मंजूर पदं ३८,७२५. माणशी साडेआठ हजारांची वाढ, बारा महिने, गुणाकार करून पाहा, वर्षाचे सुमारे ३९५ कोटी रुपये होतात. रक्कम मोठी आहे आणि ती दिली हे योग्यच केलं. त्याच वर्षी होमगार्डचा दिवसाचा भत्ताही ५७० वरून १,०८३ रुपये झाला. पण होमगार्डला बोलावतील तेवढ्याच दिवसांचे पैसे. पाटलाचं काम बारमाही.

आता पैशाने माणूस टिकतो का, हा मूळ मुद्दा. आमच्या विस्ताराच्या नोकरीत याचं एक उदाहरण सगळ्यांच्या तोंडी असतं. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात जायला कर्मचारी तयार होईनात, म्हणून २००२ साली शासनाने तिथल्या कर्मचाऱ्यांना एक पायरी वरची वेतनश्रेणी लागू केली. गडचिरोलीतल्या पोलिसांना तर दीडपट वेतन मिळतं. याने माणसं तिकडे जाऊ लागली, हे खरं. पण तो फायदा त्या भागात आहे तोवरच. ठरावीक काळ भरला की पसंतीच्या जागी बदली मागायची, हेही त्याच धोरणात आहे. थोडक्यात, तो पैसा बाहेरचा माणूस आणण्यासाठी आहे. मुदत संपली की तो जाणारच, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

पोलीस पाटलाची गोष्ट उलटी आहे. तो गावचाच, त्याची बदली होत नाही. कायद्याने त्याला शेती किंवा गावातला छोटा धंदा करता येतो, पूर्णवेळची नोकरी मात्र करता येत नाही. मग तो जातो तरी कुठे? आमच्या भागात मी जे पाहतो ते सांगतो. परीक्षेतून येणारी पोरं हुशार असतात. तीच पोरं तलाठ्याची, पोलीस भरतीची, बँकेची परीक्षाही देत असतात. एखादी लागली की पाटीलकीचा राजीनामा. ती जागा मग वर्ष वर्ष रिकामी राहते आणि शेजारच्या गावच्या पाटलाकडे जादा कार्यभार जातो. तोंडओळखीचं काम ते, शेजारच्या गावात कोण कोणाशी बोलत नाही हे त्याला काय ठाऊक? गारपिटीच्या पंचनाम्याला आम्ही अशा गावात जातो तेव्हा हे फार जाणवतं. कुणाचं शेत कुठे संपतं हे सांगणारा माणूस नसतो. दुपार नुसती शोधण्यात जाते.

तर १५,००० ने हे थांबेल का? काही प्रमाणात थांबेल, कारण घरची पाच-सात एकर सांभाळून महिन्याला एवढे हातात पडले तर तरुण दोनदा विचार करील. पण मला या रचनेतच एक खोट दिसते. काल नेमलेल्या पाटलाला जेवढं, तेवढंच वीस वर्षं झालेल्याला. वर्षाची वाढ नाही. साठाव्या वर्षी जागा सोडायची आणि पेन्शन नाही, ही पाटलांची तक्रार फार जुनी आहे. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर पेरणीला खत भरपूर टाकलं, पण पीक फुलोऱ्यात आलं तेव्हा पाणी नाही. माणूस पाच वर्षांत गाव ओळखू लागतो, दहा वर्षांत गाव त्याचं ऐकू लागतं. ज्या वर्षांत तो सर्वांत उपयोगी, त्या वर्षांसाठी वेगळं काहीच ठेवलेलं नाही. माझ्या मते पाच वर्षांनी मुदतवाढ देताना मानधनातही एक टप्पा चढवला, तर नुसत्या सरसकट वाढीपेक्षा त्याचा गुण जास्त येईल.

दुसरं, वेळेवर पैसे. माझ्या ओळखीच्या एका पाटलाने मला सरळ विचारलं, "साहेब, कागदावर पंधरा हजार असून काय करू? बी-बियाणं घ्यायच्या वेळेला खात्यात नको का?" तीन महिन्यांचं एकदम जमा झालं तरी रक्कम तीच असते, पण सावकाराकडून काढलेले चार हजार त्या आधीच व्याजाला लागलेले असतात. ट्रेझरीत उशीर का होतो याची कारणं पुष्कळ सांगता येतील, पाटलाला ती ऐकून उपयोग नाही.

तिसरी गोष्ट पैशाची नाहीच. वाळूची गाडी रात्री गेली आणि पाटलाने कळवलं, तर सकाळी ट्रॅक्टरवाल्याला नाव कळतं. कसं कळतं ते गावात सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवसापासून त्याच्या शेतातली पाइपलाइन फुटते, कडब्याची गंज पेटते. अशा पाटलाला तुम्ही वीस हजार द्या, तो गप्प राहायला शिकतो. पदावर राहतो, पण पाटील म्हणून संपतो. खबर देणाऱ्याचं नाव ठाण्यात आणि तहसिलीत झाकून ठेवायला तर एक रुपयाही लागत नाही.

ज्या गावात जागा रिकामी आहे तिथल्या वाचकांनी एवढं करावं. ग्रामसभेत विषय घ्या, ठराव करा आणि तो प्रांत कार्यालयाला पाठवा. जाहीरनामा निघाला की चावडीवर आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागतो, तिकडे लक्ष ठेवा. उमेदवार त्याच गावचा रहिवासी, दहावी पास आणि २५ ते ४५ वयाचा हवा. शेतीवरच राहायचं ठरवलेली एखादी सून किंवा मुलगा तुमच्या घरात असेल, तर अर्ज भरायला सांगा.