बियाण्याच्या शेडला प्लायवूडचा तळ : स्क्रू कोणते, किती आणि किती अंतरावर?

पेडगाव (जि. परभणी) : पेरणीसाठी राखलेले सोयाबीनचे पोते थेट जमिनीवर ठेवू नये, हे पेडगावसारख्या काळ्या मातीच्या गावांत कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. त्यानंतर कृषी विभागानेही घरचे बियाणे राखण्यावर भर दिला. मात्र हे बियाणे पावसाळ्याच्या तोंडापर्यंत कोरडे ठेवायचे कुठे? पत्र्याच्या शेडमध्ये उचललेला प्लायवूडचा तळ स्वतः बसवणे हा त्यावरचा एक उपाय आहे. पण तो चुकीच्या पद्धतीने बसवला, तर दोन पावसाळ्यांतच फुगतो, खचतो आणि बियाणे पुन्हा ओलाव्यात जाते.

तळावर वजन किती येते?

आधी हा हिशेब करा. बियाण्याचे कट्टे एकावर एक पाचापेक्षा जास्त रचू नयेत, असा सल्ला दिला जातो. 50 किलोचे पाच कट्टे म्हणजे 250 किलो. एका कट्ट्याला साधारण पावणेचार चौरस फूट जागा लागते. म्हणजे दर चौरस फुटाला सुमारे 67 किलो वजन आले. राहत्या खोलीची जमीन भारतीय मानकानुसार चौरस मीटरला 200 किलो, म्हणजे चौरस फुटाला सुमारे 19 किलो वजन धरून आखली जाते. थप्पीचे वजन त्याच्या साडेतीन पट आहे. त्यामुळे घरात चालेल तो तळ गोदामात चालेलच असे नाही.

पाया कसा असावा?

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट चौकट ठेवली तर एक कोपरा उचलला जातो, दुसरा खचतो आणि ताण स्क्रूंवर येतो. म्हणून वरची माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून थरांथरांत धुमसून घट्ट करावा. त्यावर सिमेंटचे ठोकळे एका पातळीत मांडून लोखंडी चौकोनी पाइपांची चौकट ठेवावी. पाइपांना दर 3 फुटांवर टेकू हवा. चौकटीखाली 6 ते 9 इंच मोकळी जागा सोडावी, म्हणजे हवा खेळते आणि वाळवी आली तर दिसते. उंदरांसाठी बाजूने जाळी लावावी.

आडव्या पाइपांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत 12 इंच अंतर ठेवावे. 8 फुटांच्या शीटचे त्यात बरोबर आठ भाग पडतात आणि शीटचा सांधा पाइपच्या मधोमध येतो. मात्र वेल्डिंगआधी शीट प्रत्यक्ष मोजा. बाजारातली 8 फुटी शीट बहुतेकदा 2440 मिलिमीटरची असते. दोन शीटमधली फटही त्यात धरावी लागते.

प्लायवूड कोणते?

एमआर प्लायवूड दमट हवा सोसते, पाणी नाही. शेडसाठी आयएस 710 चिन्हाचे, 19 मिलिमीटर जाडीचे मरीन प्लायवूड घ्यावे. पाणी आधी कडांतून शिरते. त्यामुळे बसवण्यापूर्वीच चारही कडांना आणि खालच्या बाजूला प्रायमर व ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. एकदा शीट बसली की खालून ब्रश पोहोचत नाही.

स्क्रू कसे मारायचे?

• शीटची लांब बाजू पाइपांना आडवी ठेवा. पुढच्या रांगेतले सांधे विटांच्या बांधकामासारखे सरकवून घ्या. लांब कडांखाली पाइपांच्या मध्ये आधाराचे तुकडे लावा.

• दोन शीटमध्ये 3 मिलिमीटर आणि भिंतीपाशी 10 मिलिमीटर फट ठेवा. दमट हवेत प्लायवूड किंचित वाढते. फट नसेल तर सांधा वर उचलला जातो.

• पाइप कुठून जातो, ती रेघ सुताने शीटवर मारून घ्या. रेघ चुकली तर स्क्रू पोकळीत जातो.

• पाइपवरच्या कडेला दर 6 इंचांवर, मधल्या पाइपांवर दर 12 इंचांवर स्क्रू मारा. कडेपासून 10 मिलिमीटर आत राहा. 8 बाय 4 च्या एका शीटला साधारण 50 ते 55 स्क्रू लागतात.

• लोखंडी चौकटीसाठी पंख असलेले, सपाट डोक्याचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू घ्या. पंख प्लायवूडमधले छिद्र थोडे मोठे करतात आणि लोखंडाला लागताच तुटून पडतात. त्यामुळे शीट वर न उचलता पाइपला घट्ट बसते.

• चौकट लाकडी असेल तर 2 इंची गॅल्व्हनाइज्ड स्क्रू वापरा. जिप्सम बोर्डचे काळे स्क्रू टाळा. ते ठिसूळ असतात आणि लवकर गंजतात. खिळे लाकूड फुगून आकसताना सैल होतात.

• स्क्रूचे डोके पृष्ठभागाच्या जेमतेम खाली जाऊ द्या. जास्त आत गेले तर वरचे थर फाटतात, पकड कमी होते आणि तिथेच पाणी साचते.

शीट चिकटवू नका. स्क्रू काढले की शीट उचलता येते आणि खाली वाळवी किंवा उंदराची बिळे आहेत का, ते पावसाळ्याआधी तपासता येते.

तळ झाला, पुढे?

थप्पी भिंतीपासून फूटभर दूर लावा. पहिल्या वर्षी महिन्यातून एकदा तळावरून चालून बघा. जिथे करकर आवाज येईल तिथला स्क्रू सैल झालेला असतो. आणि पेरणीआधी 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण पाहाच. 70 किंवा त्याहून जास्त दाणे उगवले, तर बियाणे नेहमीच्या प्रमाणात पेरता येते.