सातच्या बातम्या आणि ३,४५० किलोमीटरची धाव

दूरदर्शनवर प्रदीप भिडे सातच्या बातम्या वाचायला बसले की मान फारशी हलायची नाही. कागदावरची नजर वर यायची, पुन्हा खाली जायची, एवढंच. पण तो चेहरा पडद्यावर दिसावा म्हणून जी पळापळ चालायची, तिचा हिशेब मांडून बघा.

जुन्या टीव्हीत चित्र असं नव्हतंच मुळी. एक ठिपका होता. इलेक्ट्रॉनांचा झोत काचेवर डावीकडून उजवीकडे रेघ ओढायचा, झटकन मागे यायचा आणि पुढची ओढायचा. ६२५ रेघांचं एक चित्र, सेकंदाला अशी २५ चित्रं. म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेघा, आणि दहा मिनिटांचं बातमीपत्र धरलं तर ९३ लाख ७५ हजार.

वीस इंची पडद्याची रुंदी साधारण ४० सेंटीमीटर. ती पार करायला ठिपक्याला सेकंदाचे ५२ दशलक्षांश भाग मिळायचे. वेग निघतो ताशी २८ हजार किलोमीटर. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक पृथ्वीभोवती जवळपास याच वेगानं फिरतं! डोळ्यांना दिसणाऱ्या ५७५ रेघा तेवढ्या मोजल्या, तरी दहा मिनिटांत ठिपक्याची धाव ३,४५० किलोमीटर होते. भारताची दक्षिणोत्तर लांबी ३,२१४. पाऊसपाणी आणि बाजारभाव ऐकणाऱ्याला याचा पत्ताही नसायचा.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. सिनेमात जाण्याआधी स्मिता पाटील तिथंच मराठी बातम्या वाचायच्या. १९७३ मध्ये सिंहगडावर प्रक्षेपण केंद्र आलं आणि पुणे जिल्ह्यात चित्र दिसू लागलं. याच जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडची खरी गंमत इथून पुढे आहे. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, घोड-भीमेचा सपाट मुलूख साडेपाचशेच्या आसपास. पृथ्वीची गोलाई धरली तर एवढ्या उंचीवरून सरळ नजर ९८ किलोमीटरपर्यंत पोचते. हवाई अंतरानं शिरूर ८३ किलोमीटर, दौंड ८८. काठावर पास! शिवाय पुणे शहर गडापासून २० किलोमीटरवर. अंतर चौपटीहून जास्त झालं की लहरींचा जोर चारपटीनं नाही, अठरापटीनं घटतो, आणि तेही मध्ये टेकडी आडवी आली नाही तर. म्हणून इकडं उंच खांब, वर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना. एक जण पत्र्यावर चढून तो फिरवतोय, दुसरा खालून ओरडतोय, "आलं, आलं... गेलं!" मुंग्यांतून बातम्या ऐकायचा सराव दोन्ही तालुक्यांना असाच झाला.

पुढे बातम्या उपग्रहावरून यायला लागल्या. मुंबई दूरदर्शनचं केंद्र वरळीत, तिथून वरळी-सिंहगड-दौंड हा रस्ता जेमतेम २१० किलोमीटरचा होता. आता तीच बातमी ३५,७८६ किलोमीटर वर जाते आणि तेवढीच खाली येते. वाट ३४० पट लांबली, प्रवासाला पाव सेकंद लागू लागला, चित्र मात्र स्वच्छ झालं. मला हा उफराटा हिशेबच जास्त आवडतो.

तुमच्याकडच्या एखाद्या जुन्या घरावर नळ्यांचा सांगाडा अजून शाबूत असेल, तर त्याचं तोंड बघा. दौंडात ते जवळपास पश्चिमेला असेल, शिरूरात नैर्ऋत्येला. शेजारची फ्री डिशची छत्री दोन्ही गावांत आग्नेयेकडे बघते.