विद्युतप्रवाहाने जुळवायची चाळणी



इलेक्ट्रॉनिक्स म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संगणक आणि मोबाइल येतो. परंतु हृदयाचे ठोके, माणसाचा आवाज, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी यांपैकी काहीही शून्य-एकच्या भाषेत येत नाही. ते सलग चढउतार करणाऱ्या संकेताच्या रूपात येते. त्याला ॲनालॉग संकेत म्हणतात. त्यात हवे आणि नको असे दोन्ही मिसळलेले असते. नको ते अडवणाऱ्या सर्किटला फिल्टर म्हणतात. आज आम्ही या फिल्टरची रचना सोप्या शब्दांत सांगणार आहोत.

घरात रव्याची चाळणी वेगळी आणि मैद्याची वेगळी असते. ही चाळणी कणांचा आकार पाहते, तर विजेचा फिल्टर कंपनांचा वेग पाहतो. एका सेकंदात किती कंपने झाली, ते हर्ट्झमध्ये मोजतात.

चाळणी बदलावी का लागते?

दवाखान्यातील ईसीजीचे उदाहरण घ्या. छातीवर मिळणारा हृदयाचा संकेत साधारण १ मिलीव्होल्टचा, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग असतो. त्यात स्नायूंची थरथर आणि घरच्या विजेचा ५० हर्ट्झचा गुणगुणाट मिसळतो. रुग्णावर सतत लक्ष ठेवायचे असेल, तर बहुधा ४० हर्ट्झच्या वरचे अडवतात. रेघ स्वच्छ दिसते. पण रोगाचे नेमके निदान करायचे असेल, तर १५० हर्ट्झपर्यंतचे येऊ द्यावे लागते. नाहीतर रेघेवरील टोकदार शिखरे बोथट होतात आणि बारीक खाचा पुसल्या जातात. म्हणजे चाळणी फार बारीक केली, तर कचऱ्याबरोबर खरी माहितीही जाते! ईसीजीच्या कागदाच्या कडेला बहुतेक वेळा फिल्टरचा आकडा छापलेला असतो. पालकांनी तो जरूर पाहावा.

रचना कशी करतात?

सर्वांत साधा फिल्टर एक रोध आणि एक कंडेन्सर यांचा असतो. (आम्ही हिंदी माध्यमातून शिकलो, तेव्हा पुस्तकात त्याला ‘संधारित्र’ म्हणत. पंख्याच्या दुकानात मात्र कंडेन्सरच मागावा लागतो.) रोध आणि कंडेन्सर यांच्या गुणाकारावरून फिल्टरची सीमा ठरते. सीमा बदलायची तर रोध बदलावा लागतो. पण चिपच्या आत हात घालून रोध बदलणार कसा?

याचे उत्तर टप्प्याटप्प्याने मिळाले. १९६८ मध्ये कॅनडातील टोरांटो विद्यापीठात के. सी. स्मिथ आणि ॲडेल सेड्रा यांनी ‘करंट कन्व्हेयर’ नावाचा घटक मांडला. १९७० मध्ये त्यांनीच त्याचे सुधारलेले रूप दिले. त्याच्या एका टोकाला जेवढा विद्युतप्रवाह द्यावा, तेवढाच दुसऱ्या टोकाला मिळतो. या घटकाच्या आत थोडा रोध असतो आणि तो आधी दोषच मानला जाई. १९९६ मध्ये फ्रान्समधील ॲलेन फाब्र व सहकाऱ्यांनी त्या दोषालाच कामाला लावले. आतला रोध चिपला दिलेल्या नियंत्रक प्रवाहावर अवलंबून असतो. मग प्रवाह बदलून रोध बदलावा! त्याचे सूत्र असे:

रोध = २६ मिलीव्होल्ट ÷ (२ × नियंत्रक प्रवाह)

दहावीच्या विद्यार्थ्यांनी आता वही घ्यावी.

१) प्रथम सीमा ठरवा. ईसीजीसाठी साधारण १६० हर्ट्झ घेऊ.
२) कंडेन्सर निवडा. १ मायक्रोफॅरड घेऊ.
३) सीमा = १ ÷ (२ × ३.१४ × रोध × कंडेन्सर). रोध १००० ओहम घेतल्यास उत्तर सुमारे १५९ हर्ट्झ येते.
४) १००० ओहमसाठी नियंत्रक प्रवाह १३ मायक्रोअँपियर लागतो.
५) सीमा ४० हर्ट्झवर आणायची तर प्रवाह चौथाई करा, म्हणजे ३.२५ मायक्रोअँपियर. रोध ४००० ओहम होतो.

एकही सुटा भाग न बदलता चाळणी बदलली. प्रत्यक्ष यंत्रात असे अनेक टप्पे जोडून फिल्टर अधिक काटेकोर करतात.

संकेतही विद्युतप्रवाहाच्या रूपात ठेवण्याचे आणखी फायदे आहेत. दोन व्होल्टेजची बेरीज करायला वेगळे सर्किट लागते. दोन प्रवाह मात्र तारा एकत्र जोडल्या की आपोआप मिळतात. शिवाय आजच्या चिप एक-दीड व्होल्टवर चालतात. तेथे व्होल्टेजला वरखाली व्हायला जागाच थोडी उरते.

तापमानाची अडचण

सूत्रातील २६ मिलीव्होल्ट हा आकडा २७ अंश सेल्सिअसच्या आसपासचा आहे. आपल्या सचिनमध्ये उन्हाळ्यात पारा ४२ अंशांवर गेला, तर तो सुमारे ५ टक्के वाढतो आणि सीमा तेवढीच खाली सरकते. म्हणून चांगला अभियंता नियंत्रक प्रवाहही तापमानाबरोबर त्याच प्रमाणात वाढेल अशी व्यवस्था करतो. चिप तयार होताना आतल्या कंडेन्सरची किंमतही थोडी मागेपुढे होते. मागाहून जुळवता येण्याची सोय असल्यामुळे अशी चिप फेकून द्यावी लागत नाही.

फिल्टरचे महत्त्व मोठ्या प्रमाणावर पाहायचे असेल, तर महाराष्ट्रात नारायणगावजवळ खोडद येथे जावे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. तेथील फिल्टर सर्वच वरील पद्धतीचे नाहीत. पण आकाशातील अतिक्षीण संकेत माणसाने केलेल्या रेडिओ गोंगाटातून वेगळा काढणे हेच त्यांचेही काम आहे.

पालकांना आमची एक विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी जुना रेडिओ उघडून बसली, तर ‘मेकॅनिक व्हायचे आहे का?’ म्हणून हिणवू नका. फक्त विजेचा प्लग काढलेला आहे ना, ते पाहा. आपल्यापैकी कित्येकांचे हात रोज लूमच्या मोटारी आणि मिलची यंत्रे सांभाळतात. त्या हातांच्या अनुभवाला मुलांच्या गणिताची जोड मिळाली, तर पदविका आणि अभियांत्रिकीची वाट त्यांना परकी वाटणार नाही. विश्वस्त मंडळाने प्रयोगशाळेसाठी काही ब्रेडबोर्ड, कंडेन्सर आणि एक सिग्नल जनरेटर मंजूर करावा, ही नम्र विनंती. वरचे गणित मग मुलांना वहीबरोबरच टेबलावरही करून पाहता येईल.