प्लगकडे दुर्लक्ष, खिशाला भुर्दंड

सिग्नलला उभी असलेली मोटार कापरे भरल्याप्रमाणे थरथरू लागते, पुलाच्या चढावर तिचा जोर ओसरतो आणि सकाळी दोन-तीनदा किल्ली फिरवल्याखेरीज ती सुरू होत नाही. गॅरेजच्या बोलीत सांगायचे, तर गाडी 'मिसिंग' करू लागते. अशा वेळी मालकाचा पहिला संशय पेट्रोलमधील भेसळीवर जातो, दुसरा बॅटरीवर. बोटभर लांबीचा स्पार्क प्लग सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. वास्तविक तपासणीचा प्रारंभ तेथूनच व्हायला हवा.

पेट्रोल किंवा सीएनजीवरील इंजिनात हवा आणि इंधनाचे दाबलेले मिश्रण पेटवण्याचे काम हा प्लग करतो. (डिझेल इंजिनात दाबामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेट घेते, तेथील ग्लो प्लगचे काम निराळे.) बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून काही हजारांवर जातात आणि प्लगच्या दोन टोकांमधील जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडताना ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमधील प्लगला सेकंदाला २५ ठिणग्या पाडाव्या लागतात. जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातील अभियंता गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये उच्च दाबाच्या मॅग्नेटोला जोडलेला प्लग सिद्ध केला. त्या प्लगची मूळ रचना आजही फारशी बदललेली नाही.

प्रत्येक ठिणगीसरशी टोकाचा अतिसूक्ष्म अंश झिजतो, फट रुंदावते आणि ती ओलांडण्यासाठी कॉइलला अधिकाधिक ताण सोसावा लागतो. एक वेळ अशी येते, की ठिणगी मधूनच पडेनाशी होते. मग न जळालेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये शिरून तेथे पेट घेते. भारतात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना हे उपकरण सक्तीचे झाले. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. आतील जाळी अतिउष्णतेने वितळली, तर बदलीचा खर्च प्लगांच्या संपूर्ण संचाच्या कित्येक पट होतो. म्हणूनच डॅशबोर्डवरील इंजिनाच्या चित्राचा दिवा लुकलुकू लागला, तर 'घरी पोचल्यावर बघू' म्हणणे महागात पडते. अशा वेळी वेग कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवणे श्रेयस्कर.

या दुर्लक्षाच्या जोडीला एक जुनी सवयही आहे. प्रीमियर पद्मिनी आणि कार्बोरेटरच्या मारुती ८०० च्या काळात प्लग काढायचा, पॉलिश पेपरने घासायचा, फट ठोकून नीट करायची आणि पुन्हा बसवायचा, हा रिवाज होता. निकेलच्या जाड टोकाला ते सोसत असे. आज अनेक गाड्यांत इरिडियमचे प्लग असतात. इरिडियम वितळते सुमारे २,४४६ अंश सेल्सियसला, निकेल १,४५५ अंशांना. म्हणून इरिडियमचे टोक अर्ध्या मिलिमीटरइतके बारीक ठेवता येते. त्यावर तारेचा ब्रश चालवला, तर ते टोक तुटण्याची भीती. हा प्लग घासून वापरायचा नसतो, मुदत संपताच बदलायचा असतो.

ही मुदत साध्या निकेल प्लगला ढोबळमानाने २० ते ४० हजार किलोमीटर, तर इरिडियमला ८० हजार ते एक लाख. अंतिम शब्द मात्र गाडीच्या माहितीपुस्तिकेचा. मुंबई-पुण्यातील सीएनजीच्या गाड्यांनी त्याआधीच तपासणी करून घ्यावी. हा वायू पेटवण्यास अधिक व्होल्टेज लागते, साहजिकच झीज लवकर जाणवते.

काढलेला प्लग बरेच काही सांगतो. टोकाजवळचे चिनी मातीचे आवरण फिकट तपकिरी असेल, तर सारे ठीक. कोरडी काळी काजळी असेल, तर इंधन प्रमाणाबाहेर जात आहे किंवा गाडी नुसतीच जवळच्या फेऱ्या मारते. प्लग तेलकट असेल, तर ऑइल सिलिंडरमध्ये उतरत आहे. तेथे नवा प्लगही थोड्याच दिवसांत काळा पडेल. पांढरट, फोड आलेले आवरण अतिउष्णतेची खूण. बाहेरच्या पांढऱ्या भागावरील तपकिरी वलय पाहून मात्र घाबरण्याचे कारण नाही. विजेच्या दाबाने ओढल्या गेलेल्या तेलकणांचा तो डाग असतो. त्यावरून 'गॅस गळतोय' असे सांगणारे मेकॅनिक अधूनमधून भेटतात.

प्लग बदलताना इंजिन पूर्ण थंड हवे, कारण तापलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधील आटे सहज खराब होतात. भोवतालची धूळ आधी फुंकून काढावी, नाहीतर ती थेट सिलिंडरमध्ये पडते. नवा प्लग पहिल्यांदा हातानेच फिरवून बसवावा. आटे नीट धरले आहेत याची खात्री झाल्यावरच पाना लावावा आणि माहितीपुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकाच आवळावा. १४ मिलिमीटरच्या वॉशरवाल्या प्लगला तो साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर असतो. ताकद लावून आवळण्याची हौस येथे नडते. ज्या गाड्यांत प्लगापर्यंत पोचण्यासाठी वरचे बरेच भाग सोडवावे लागतात, तेथे हे काम गॅरेजवर सोपवलेले बरे.

दुकानातून प्लग घेताना नुसता आकार जुळणे पुरेसे नाही, क्रमांकही जुळला पाहिजे. प्लग किती उष्णता बाहेर टाकतो, ते त्यावरूनच ठरते. बनावट मालापासून सावध राहण्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह खरेदी करावी. गॅरेजमधून जुने प्लग सिलिंडरच्या क्रमाने मागून घ्यावेत आणि मोजूनही घ्यावेत. २००३ मध्ये भारतात आलेल्या होंडा सिटीच्या आय-डीएसआय इंजिनात चार सिलिंडरांना आठ प्लग होते.