जुन्या सायकलचं वय कसं ठरवावं?

नागपुरात एखाद्या वाड्याच्या पडवीत जुनी रॅले निघाली, की 'इंग्रजांच्या काळातली, थेट इंग्लंडची' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. स्वातंत्र्यानंतर सेन-रॅले कंपनी आसनसोलला याच नावाच्या सायकली बनवत होती. ती बंद पडली; कारखान्याच्या नोंदवह्या हाताशी नसतील तर फ्रेमचा नंबर एकटा फारसं सांगत नाही. म्हणून आधी मागचं हब रॉकेलने पुसावं. ते स्टर्मी-आर्चरचं तीन गिअरचं असेल, तर त्यावर 'एडब्ल्यू ५२ १०' असं काही ठोकलेलं दिसतं. याचा अर्थ, हब ऑक्टोबर १९५२चं.

हब नंतर बदललं असेल तर? शंका रास्तच आहे, म्हणून एका सुट्या भागावर निकाल देऊ नये. चेनव्हील पाहावं: रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळे कोरलेले असतात, 'रज' (Rudge) या दुसऱ्या इंग्लिश सायकलीच्या चेनव्हीलमध्ये हाताचा पंजा. ते फ्रेमवरच्या नावाशी जुळायला हवं. सायकल-कराचा जुना बिल्ला असला तर तोही वाचावा. नागपूर महानगरपालिका १९५१ची, त्यामुळे तिचा बिल्ला त्याआधीचा असूच शकत नाही. मात्र बिल्ला सायकल रस्त्यावर असल्याचं सांगतो, बनल्याचं नाही. दोन-तीन स्वतंत्र खुणा जुळल्या तरच साल सांगावं. एरवी 'पन्नासचं दशक' एवढंच म्हणणं प्रामाणिक.